अरे, आवाज कुणाचा?

गॅदरिंगमध्ये ‘अरे, आवाज कुणाचा?’ अशी आरोळी घुमली की उत्तर पोरापोरींच्या गळ्यातून येतं. रस्त्यावर हल्ली ते सायलेन्सर देतो. भंडाऱ्याचा त्रिमूर्ती चौक असो की तुमसर, साकोली, पवनीतलं कॉलेजचं गेट, एखादी बुलेट फटाके फोडत जाते, निम्मे जण वळून बघतात आणि निम्मे कानावर हात ठेवतात. मग कट्ट्यावर वाद रंगतो : हे कायद्यात बसतं का?

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं. ‘ब्रँडेड माल आहे, बिल देतो, काई होत नाई.’ पण ब्रँड आणि बिल यावरून माल चोरीचा नाही एवढंच कळतं. रस्त्यावर चालेल की नाही, हे कळत नाही. अशा काही पार्ट्सच्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘फक्त रेसिंगसाठी’ असं छापलेलं असतं. भंडाऱ्यात रेस ट्रॅक कुठे आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

कायदा इथे दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि आपण ते एकात मिसळतो. पहिला प्रश्न : गाडी बदलली का? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातली, कंपनीने ठरवलेली माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे काय, तेही तिथेच लिहिलंय : गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. म्हणजे सीट कव्हर किंवा मोबाइल होल्डर लावला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेले पार्ट बसवून गाडी बदलली, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दुसरा प्रश्न : आवाज किती? सायलेन्सर बदलणं म्हणजे ‘रचना’ बदलणं का, यावर वकील वाद घालू शकतील. आवाजाच्या बाबतीत ती पळवाट नाही. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो. ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८०, अशी मर्यादा आहे. हे आकडे कंपनीच्या चाचणीतले, साडेसात मीटरवरून मोजलेले. आणि ८० च्या जागी ९० म्हणजे ‘थोडंसं जास्त’ नव्हे. डेसिबलमध्ये १० ची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. आवाजाचे किंवा धुराचे निकष मोडून गाडी चालवली, तर कलम १९०(२) नुसार पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं.

‘पीयूसी आहे ना माझ्याकडे!’ हेही कामाचं नाही. पीयूसीवाला धूर तपासतो, आवाज नाही. उलट एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या रांगेतच असतो. अख्खी रांग बदलली की तोही जातो. म्हणजे आवाजही वाढला आणि धूरही.

इथपर्यंत चूक आपल्या बाजूची. पण आता दुसरी बाजू. नागपूर-पुण्यात जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात पाहिलेत. रोलरखाली जातात ते पोरांच्या पॉकेटमनीचे, पार्ट-टाइम कामाचे पैसे. दुकानाच्या फळीवर मात्र पुढचा माल तसाच चकाकत असतो. खरं तर कलम १८२-अ मध्ये नियमाविरुद्ध गाडी बदलून देणाऱ्या डीलरलाही प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि कायद्यातल्या ‘डीलर’च्या व्याख्येत गाडी दुरुस्त करणाराही येतो. मग कारवाई चौकातच का थांबते? शिवाय बऱ्याचदा आवाज कानानेच ठरवला जातो. बुलेटचा मूळ आवाजही दणदणीतच असतो. तेव्हा मीटर लावून मोजा, आकडा दाखवा आणि मग पावती फाडा, ही मागणी अवाजवी नाही. आरटीओ आणि वाहतूक पोलिसांनी कॉलेजांत आवाज तपासणीची शिबिरं घ्यावीत. पहिल्या वेळी दंडाऐवजी आकडा हातात द्यावा.

पण मीटर येईपर्यंत वाट बघायची, असं नाही. हॉस्पिटल, कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखायचा असतो. राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तिथे झोपलेला पेशंट किंवा एमपीएससीचा अभ्यास करणारी ताई आपल्या गाडीचं मॉडेल विचारत नाही. गाडीवर प्रेम असावंच. ते अख्ख्या गल्लीला ऐकवायची गरज नाही.

कंपनीचा मूळ सायलेन्सर बहुतेकांच्या घरी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडलेला असतो. या रविवारी तो खाली काढा. परत बसवायला फार वेळ लागत नाही.