गंज आवरा, पण विहीर राखा

लोखंड आणि पाणी यांचें वैर जुनें आहे. ट्रॅक्टरचा रेडिएटर असो वा कारखान्यांतील पाणी थंड करण्याचे मनोरे असोत, हवा मिसळलेल्या पाण्याच्या संगतीनें साधें पोलाद झिजतेंच. तें वांचविण्यासाठीं पाण्यांत गंजरोधक रसायनें मिसळतात. त्यांच्या उपयुक्ततेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पोलादास मानवणारें औषध विहिरीस मानवेल काय, हें शेतकऱ्यानें विचारलेंच पाहिजे, असें आमचें मत आहे.

कॅलिफोर्नियांतील हिंकले या गांवची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. तेथील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या ठाण्यांत १९५२ पासून १९६६ पर्यंत थंडाव्याच्या पाण्यांत क्रोमियमयुक्त गंजरोधक घालीत. त्यानें पोलादावर पातळ लेप बसे व यंत्रें सुरक्षित राहत. वापरलेलें पाणी मात्र अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलें जाई. तें मुरून भूगर्भांतील पाण्यांत मिसळलें. पुढें दावा झाला आणि १९९६ सालीं कंपनीनें रहिवाशांस ३३ कोटी ३० लक्ष डॉलर देण्याचें मान्य केलें. पैसा मिळाला; पण पैशानें झरे शुद्ध होत नाहींत.

हें दूरदेशींचें म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. पाणी मुरण्याचा नियम सर्वत्र एकच आहे. आपल्या देशाच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यांत क्रोमियम लिटरमागें ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. ज्या गांवाच्या नाल्यांत कारखान्याचें पाणी येतें, त्या गांवानें त्यांतील रसायनाचें नांव व प्रमाण लेखी मागावें, आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करवावी. सिलिकेटासारखीं सौम्य द्रव्यें उपलब्ध असतां विषारी द्रव्याचा आग्रह कशासाठीं?

आपणहि निर्दोष नाहीं. रेडिएटरमधील जुनें कूलंट विहिरीच्या कडेलाच ओतण्याची संवय अनेकांस आहे. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोड पण विषारी असल्यामुळें जनावरें पितात व दगावतात. तसेंच नायट्रायटासारखें गंजरोधक अंदाजानें कमी घातल्यास लेप अपुरा राहतो, आणि उघड्या राहिलेल्या जागीं पोलादास खोल भोंकें पडतात. म्हणून डब्यावरील प्रमाण पाळावें, आणि जुनें कूलंट झांकणाच्या डब्यांत जमा करावें. तें गोळा करण्याची सोय संघानेंच करावी, अशी आमची सूचना आहे.

यंत्र झिजलें तर नवें घेतां येतें; विहीर बिघडली तर पिढी बुडते.