हरकतींचा शोध घेणाऱ्या यंत्राची परीक्षा

शिवारांत खाण, औष्णिक वीजकेंद्र अथवा मोठा कारखाना येऊं घातला म्हणजे त्याच्या परिणामांची तपासणी व्हावी व लोकांचें म्हणणें ऐकून घ्यावें, असा नियम आहे. जनसुनावणी १९९७ सालीं सक्तीची झाली. हल्लीं चालते ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें. तीस दिवस अगोदर जाहिरात, स्थानिक भाषेंत सारांश आणि ग्रामपंचायतींत इतिवृत्त, इतकें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. हरकत दिल्यानंतर तिचें पुढें काय होतें, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

गोव्यांतील एका खाणीच्या प्रकरणांत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं असें ठरविलें कीं, तज्ज्ञ समितीनें लोकांच्या हरकतींचा विचार केला पाहिजे व त्या अमान्य करावयाच्या तर कारणें दिलीं पाहिजेत. निर्णय उत्तम, पण सांपडलेल्या हरकतीचाच विचार होणार! २०२० च्या मसुद्यावर लाखों सूचना गेल्या. इतकें वाचण्यास मनुष्यबळ पुरत नाहीं, म्हणून शोधयंत्र आलेंच. अमेरिकेंत सरकारी प्रस्तावांवरील लोकांचीं मतें एका संकेतस्थळावर शोधतां येतात. अशा साधनास आमचा विरोध नाहीं. त्याची परीक्षा कोणीं व कशी घ्यावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मराठी ही इंग्रजीसारखी सरळ चालणारी भाषा नव्हे. ‘विहीर’ हा शब्द शोधला व यंत्र केवळ अक्षरें जुळवीत असलें, तर ‘विहिरीचें पाणी आटेल’ हें वाक्य त्यास दिसणार नाहीं, कारण दीर्घ ‘ही’ची ऱ्हस्व ‘हि’ झालेली असते. ‘ओढा’ शोधणाऱ्यास ‘ओढ्यास’ सांपडत नाहीं. कोणी पाट म्हणतो, कोणी चारी; कोणी गट नंबर लिहितो, कोणी अद्याप जुना सर्व्हे नंबरच सांगतो. शिवाय पुष्कळ अर्ज हातानें लिहिलेले व छायाचित्र काढून चढविलेले असतात, म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें तें केवळ चित्र. जुन्या टंकांत छापलेला मजकूर तर त्यास निरर्थक अक्षरांचा काला वाटतो. (आमच्याच कचेरींतील जुने कागद असे आहेत.)

दुसरा धोका एकसारख्या अर्जांचा. एकाच नमुन्यावर गांवानें पांचशें सह्या केल्या, तर यंत्र त्यांची एक मोट बांधतें. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्या पांचशेंपैकीं एकानें खालीं दोन ओळी वाढवून आपल्या विहिरीची खोली व सुरुंगाच्या जागेपासूनचें अंतर लिहिलें असेल, तर तीच खरी कामाची माहिती मोटेंत गडप होते.

म्हणून परीक्षा इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनांपुरती ठेवूं नये. तालुक्यांतील दहा-बारा शेतकरी बसवावे. ज्यांतील मजकूर आधींच ठाऊक आहे असे पन्नास अर्ज, कांहीं हस्तलिखित व कांहीं छापील, यंत्रांत घालावे. मग शेतकऱ्यानें आपल्या तोंडच्या शब्दांत प्रश्न विचारावे आणि किती अर्ज सुटले तें मोजावें. नको ते दहा कागद वर आले तर कारकुनाचा पाव तास जाईल. हवा तो एक कागद राहिला तर एखाद्याचें पाणी जाईल. या दोन चुका समान मानणारी परीक्षा आम्हांस मान्य नाहीं. तिचा निकाल इतिवृत्ताच्या शेजारींच ग्रामपंचायतींत लावावा, आणि जोंवर तो लागत नाहीं तोंवर यंत्रास सांपडली नाहीं ती हरकत आलीच नाहीं, असें कोणत्याहि अधिकाऱ्यानें धरूं नये.

तोंपर्यंत आमच्या वाचकांनीं अर्जांत गांव, तालुका, गट नंबर व विहिरीचा स्पष्ट उल्लेख पहिल्याच ओळींत करावा, शक्य तर युनिकोड अक्षरांत छापून घ्यावा, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये.