करारमुक्त खेळाडूचा हक्क

कराराची मुदत संपताच खेळाडूला मनास येईल त्या संघाकडे जाण्याची मोकळीक दिली, तर निष्ठा लोपेल, धनिक संघ सर्व गुणीजन आपल्याकडे ओढतील आणि ज्यांनी त्याला घडविले त्यांचा खर्च बुडेल, असे तीन आक्षेप नांदेड-लातूरकडील जाणत्या क्रीडाप्रेमींकडूनही ऐकू येतात. पहिले दोन मला अमान्य आहेत, तिसरा अर्धाच मान्य आहे.

निष्ठेचा दाखला मराठवाड्यानेच पाहावा. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले, १९६९ साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि उत्तरायुष्यात पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी जे शिष्य घडविले, त्यांत लातूरचेच काका पवार होते. मल्लाने वस्ताद आणि आश्रयदाता स्वतः निवडावा हा आमच्या कुस्तीचा जुना रिवाज असता, कबड्डीपटूने वा क्रिकेटपटूने तेच केले तर ती बेइमानी कशी ठरते?

आज त्याला ही निवड नाही. आयपीएलमध्ये मुदत सरल्यावर संघाने राखले नाही, अथवा त्याने स्वतःच राहण्यास नकार दिला, तरी तो मोकळा होत नाही. लिलावात जातो, तेथे आपली आधारभूत किंमत तेवढी सांगतो, आणि सर्वोच्च बोली ज्याची त्याच्याकडे रुजू होतो. कित्येक लिलावांत तीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा हक्क जुन्या संघाकडेच राहिला आहे. रवींद्र जडेजाने राजस्थानशी नवा करार न करता इतरांशी परस्पर बोलणी केली, म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्याला बंदी भोगावी लागली. प्रो कबड्डीत पवन सेहरावतला २०२३ साली २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. अशा रकमेला कोणी वेठबिगार म्हणणार नाही, परंतु मोबदला मोठा असल्याने मालक निवडण्याचा हक्क रद्द होत नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटूंना हा हक्क १९७५ च्या लवादाने मिळवून दिला, आणि करार संपूनही क्लब खेळाडूच्या हस्तांतरण-रकमेसाठी अडून बसल्याने न्यायालयात गेलेल्या बेल्जियमच्या बोस्मानमुळे १९९५ साली युरोपातील फुटबॉलपटूंना तो लाभला.

धनिकांच्या मक्तेदारीचे भय तर निराधार आहे. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या खर्चास १२० कोटींची मर्यादा होती. हीच मर्यादा कायम ठेवून खेळाडूला थेट बोलणी करू देण्यास कोणती हरकत आहे? अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९३ पासून मुक्त खेळाडूंची पद्धत आणि १९९४ पासून वेतनमर्यादा एकत्र नांदत आहेत.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, पण तो भलत्याच्या वतीने केला जातो. खेळाडूवर पहिला खर्च संघमालक करीत नाही. तो कंधार, लोहा, उदगीर, अहमदपूरकडील मंडळे, तालमी आणि वर्गणी काढणारे गावकरी करतात, आणि लिलावाच्या रकमेतून त्यांच्या वाट्याला काय येते? फुटबॉलच्या जागतिक संघटनेने करारकाळात संघ बदलणाऱ्या खेळाडूच्या हस्तांतरण-रकमेतील ५ टक्के वाटा, त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांत शिकविणाऱ्या क्लबांसाठी राखून ठेवला आहे. आपल्याकडे हस्तांतरण-रकमेऐवजी कराराच्या रकमेवर, तीही मालकाच्या तिजोरीतून, असाच वाटा बसवावा, आणि खेळाडू प्रथम कोणत्या मंडळाकडून मैदानात उतरला याची नोंद करारनाम्यातच सक्तीची करावी.