गाडी गेली, हप्ता राहिला

‘जुन्या कर्जाचं आम्ही बघतो, मॅडम. तुम्ही फक्त नव्या गाडीचा रंग सांगा.’ कर्ज शिल्लक असलेली गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घेणाऱ्यांनी हे वाक्य या ना त्या शब्दांत ऐकलेले असते. बहुतेक डीलर दिलेला शब्द पाळतात. जो पाळत नाही त्याच्याकडे मात्र तोवर ग्राहकाची गाडी, दोन्ही चाव्या, आरसी आणि सह्या केलेले फॉर्म जमा झालेले असतात. ग्राहकाकडे उरतो तो फक्त शब्द. निवृत्त होईपर्यंत मी एका सहकारी बँकेच्या वाहनकर्ज विभागात काम केले आणि असे हवालदिल झालेले लोक काउंटरपलीकडून पाहिले. माझे म्हणणे एवढेच आहे की जुने कर्ज फेडल्याची पावती दाखवल्याशिवाय डीलरला जुनी गाडी ताब्यात घेता येऊ नये. घेतलीच, तर ते फेडण्याची मुदत कायद्याने ठरवून द्यावी. आज आपल्याकडे अशी मुदत नाही.

माझी भाची सांगलीत खासगी रुग्णालयात नर्स आहे. पाडव्याला तिने जुनी गाडी देऊन नवी घेतली. जुन्या गाडीची किंमत 3,65,000 रुपये ठरली. तिच्यावरचे कर्ज 2,38,000 रुपये होते. उरलेले 1,27,000 नव्या गाडीच्या डाऊन पेमेंटमध्ये वळते झाले आणि आठ दिवसांत जुने कर्ज बंद करून एनओसी हातात देऊ, असे सांगण्यात आले. नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला तिच्या खात्यातून जुन्या गाडीचा 7,900 रुपयांचा हप्ता गेला आणि दोन दिवसांनी नव्या गाडीचा 14,600 चा. शोरूममधून उत्तर आले, ‘चेक टाकलाय, क्लिअर व्हायचाय.’ त्यानंतरच्या महिन्यात खात्यात तेवढे पैसेच नव्हते. जुना हप्ता परत गेला, 500 रुपये दंड आणि त्यावर जीएसटी मिळून 590 रुपये कापले गेले. नवा हप्ता तिने मैत्रिणीकडून उसने घेऊन भरला. शोरूममध्ये फोन केला की कधी अकाउंट्सवाले रजेवर असत, तर कधी मॅनेजर मीटिंगमध्ये.

पैसे कुठे अडकतात, ते सांगते. डीलर जुनी गाडी स्वतःकडे ठेवत नाही, ती सेकंडहँड गाड्यांच्या दलालाला देतो. दलाल गिऱ्हाईक मिळाले की पैसे देतो. दरम्यान डीलरला कंपनीकडून नव्या गाड्या उचलायच्या असतात, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चालू असते. मग तुमच्या गाडीचे पैसे आले की ते आधी तिकडे जातात आणि तुमचे कर्ज पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून फेडू, असा हिशेब होतो. याची टोपी त्याला. विक्री जोरात असते तोवर हे खपून जाते. एखादा महिना मंदा गेला की साखळीतल्या शेवटच्या माणसाचे कर्ज तसेच राहते. त्यामुळे ‘आमचा हेतू वाईट नव्हता’ हे शोरूमवाल्यांचे म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्याच्या कर्जफेडीसाठी घेतलेला पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवायला त्यांना कुणी सांगितले होते?

बँकेच्या दृष्टीने पाहिले तर डीलर या व्यवहारात कुठेच नसतो. करारावर सही तुमची, म्हणून कर्जदार तुम्ही. हप्ता थकला की फोन तुम्हाला येतो, थकबाकीची नोंद तुमच्या नावावर चढते आणि 90 दिवसांवर थकबाकी गेली की खाते एनपीए होते. ‘गाडीच माझ्याकडे नाही, हप्ता का भरू?’ असे विचारणाऱ्याचा संताप मला समजतो. पण भरणे थांबवू नका, असेच मी आजही सांगेन. जास्तीचे गेलेले पैसे डीलरकडून वसूल करता येतात, बिघडलेला सिबिल स्कोअर मात्र सुधारायला फार काळ लागतो.

यात आणखी एक बारकावा आहे. बँक जे फोरक्लोजर लेटर देते त्यावर शिल्लक मुद्दल, त्या दिवसापर्यंतचे व्याज, मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार, त्यावरचा जीएसटी आणि एकूण रक्कम असते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही रक्कम अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य आहे, पुढे दररोज इतके रुपये व्याज. डीलर महिन्याभराने जुन्याच पत्रातला आकडा भरतो. मधल्या दिवसांचे व्याज त्यात नसते, खात्यात हजार-बाराशे रुपये शिल्लक राहतात आणि कर्ज बंद होतच नाही. डीलर म्हणतो ‘आम्ही भरले’, बँक म्हणते ‘खाते चालू आहे’, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. एवढ्याशा रकमेपायी एनओसी अडलेली असे आणि माणूस आपली चूक शोधत बसलेला असे.

गाडीच्या मालकीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ती तुमच्याच नावावर फिरत राहते. कोणीतरी सिग्नल तोडला की ई-चलान तुमच्या मोबाईलवर येते. अपघात झाला तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिले आहे. त्यातली गाडी अनेक हात बदलत गेली होती, तरीही नोंदणी ज्याच्या नावावर राहिली होती त्या मूळ मालकालाच नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले गेले.

केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि गाडी ताब्यात आली की फॉर्म 29सी मध्ये पोर्टलवर तशी माहिती द्यायची. ही नोंद झाली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते. दुरुस्ती चांगली आहे आणि तिचा आग्रह प्रत्येकाने धरावा. माझ्या भाचीला शोरूममध्ये या फॉर्मचे नावही कुणी सांगितले नव्हते. पण कर्जाबाबत हा नियम गप्प आहे.

कॅलिफोर्नियाचा कायदा गप्प नाही. तिथे कर्ज असलेली जुनी गाडी घेतली की डीलरने ते कर्ज 21 दिवसांत फेडलेच पाहिजे, असे वाहन कायद्यात लिहिले आहे. डीलर बुडाला तर ग्राहकाला भरपाई मिळावी म्हणून 2008 पासून वेगळा निधी आहे आणि त्यासाठी विकलेल्या प्रत्येक गाडीमागे डीलरकडून एक डॉलर घेतला जातो. हे आपल्याकडे करणे अवघड नाही. वाहन पोर्टलवर बँकेचे नाव आधीच नोंदलेले असते. फॉर्म 29सी भरताना तिथे बोजा दिसत असेल तर कर्जफेडीची पावती जोडल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये, आणि मुदतीत कर्ज न फेडणाऱ्या डीलरचे अधिकारपत्र थांबावे. परिवहन खात्याने हे मनावर घ्यावे. डीलर म्हणतील, दलालाकडून पैसे यायला वेळ लागतो. मग पैसे येईपर्यंत गाडी ग्राहकाच्या दारात उभी राहू द्या.

तोपर्यंत आपण सावध राहायचे. फोरक्लोजर लेटर स्वतः बँकेतून आणावे आणि डीलरने ती रक्कम आपल्या डोळ्यांसमोर थेट कर्ज खात्यात आरटीजीएस करावी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मिळाला, खाते बंद झाल्याचे बँकेने सांगितले, की मगच चावी द्यावी. गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेल्या कागदावर डीलरची सही आणि शिक्का घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

भाचीचे कर्ज अखेर फिटले, पण ते वकिलाची नोटीस आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार गेल्यावर. जास्तीचे हप्ते, दंड आणि व्याज द्यायला डीलर अजून तयार नाही, म्हणून ती आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूमच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 5 ते 10 लाखांपर्यंत 200 रुपये. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पैसे जाणूनबुजून वापरले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली, म्हणजे विश्वासघाताबद्दल, पोलिसांतही जाता येते. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. शोरूमच्या ‘पुढच्या आठवड्यात नक्की’वर विसंबून ती घालवू नका. हप्ता कापल्याचा प्रत्येक मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रत्येक आश्वासन आजच तारखेनिशी छापून एका फाइलला लावा.