पिंजरा नंतर, आधी मॅट

इन्स्टा उघडलं की एक तरी क्लिप समोर येतेच. आठ कोनी जाळीचा पिंजरा, दोघं भिडलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या गळ्याभोवती आणि खाली 'भारी रे' म्हणणाऱ्यांची रांग. मंद्रूपहून एसटीनं सोलापूरला कॉलेजला येणारी पोरंही हेच बघत येतात. बघण्यात काही वाईट नाही. पण मग हॉस्टेलच्या खोलीत गादी टाकून तोच चोक मित्रावर करून बघितला जातो. हा डाव नीट बसला तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो, हे मात्र रीलमध्ये कुणी सांगत नाही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, ही नुसती मारामारी आहे असं घरच्यांना वाटतं. त्यांचं सगळंच चूक नाही. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगटसुद्धा नव्हते. आता वजनगट आहेत, पाच-पाच मिनिटांचे राउंड आहेत. डोळ्यांत बोट घालणं, चावणं, डोक्यानं धडक देणं, डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसा मारणं, सगळं बंद. आणि 'टॅप' आहे. हातानं थोपटलं की हरलो असं कबूल, आणि समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. मला या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आपल्याकडच्या भांडणांत 'बास, हरलो' म्हणायची सोयच नसते. म्हणून तर गावातला किरकोळ वाद पोलीस ठाण्यापर्यंत जातो.

हा खेळ आपल्यापासून फार लांबचाही नाही. मुंबईचा भरत खंदारे कुस्तीतूनच एमएमएत गेला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. भारतात जन्मून-वाढून तिथवर पोचलेला तो पहिला. चीनच्या साँग यादोंगनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये गळ्याच्या डावात अडकवलं, पण दार उघडलं गेलं ते गेलंच. जून 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरनं यूएफसीत लढत जिंकली. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. आणि आता 2026 च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेत एमएमएला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली आहे.

मग सोलापूर जिल्हा यात कुठे? खरं तर आपण आधीच अर्ध्या वाटेवर आहोत. जानेवारी 2023 च्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले, दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. त्या लढतीच्या गुणांवरून राज्यभर वाद पेटला होता. पकड, ताकद, पहाटे उठायची सवय, वस्तादाचा धाक हे सगळं तालमीत तयार आहे. पण तालमीचं काय झालंय ते बघा. सोलापुरात 'तू कुठल्या तालमीचा?' असं कुणी विचारलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'कुठल्या मंडळाचा?' असाच असतो. काही ठिकाणी लाल माती अजून जिवंत आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी नुसती पाटी, गणपती, शिवजयंती आणि डीजे.

ब्राझीलमध्ये रिओच्या मारे वस्तीत, जिथं ड्रग्जच्या टोळ्यांचं राज्य होतं, तिथं 2000 मध्ये 'फाइट फॉर पीस' सुरू झालं. बॉक्सिंग आणि मार्शल आर्ट्सच्या ओढीनं पोरं यायची, आणि त्याच छताखाली शिकवणी, नोकरीची तयारी, अडचणीत कुणाशी बोलायची सोय. ठोसा हे निमित्त होतं. आपल्याकडे टोळ्या नाहीत. पण बारावीनंतर दोन वर्षं भरतीच्या नावाखाली चौकात बसलेली पोरं आहेत. मंद्रूपच्या कट्ट्यावर अर्धं बोलणं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत चालतं. मॅटवर दोन्ही चालेल.

मुलींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मातीत त्यांना आजही सहज जागा मिळत नाही. शहरातला एखादा क्लास संध्याकाळी सातला असेल, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या मंद्रूपच्या मुलीला तो नसल्यासारखाच. घरचे नाही म्हणतात ते खेळाला कमी आणि शेवटच्या एसटीला जास्त.

उद्या गावात 'एमएमए अकॅडमी'चा फ्लेक्स लागेलही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. शिकवणारा स्वतः कुठं शिकला? डोक्याला मार बसला तर किती दिवस सराव बंद ठेवतो? वजन उतरवायला पोरांचं पाणी तोडतो का? आणि पहिल्या महिन्यात पडायला आणि टॅप करायला शिकवतो, की थेट फाइट लावून व्हिडिओ काढतो? शेवटच्याचं उत्तर 'व्हिडिओ' असेल तर सरळ घरी या.

पिंजऱ्याची कुणालाच घाई नको. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूप असलेला मंडळाचा एखादा हॉल, त्यात मॅट, सकाळी मुलं, कॉलेज सुटल्यावर चार ते साडेपाच मुली, आणि गावातलाच एखादा जुना पैलवान वस्ताद म्हणून. सुरुवातीला एवढं पुरे. हॉलची किल्ली अध्यक्षांकडे असते. त्यांना विचारायला या रविवारी चार-पाच जण मिळून जा, आणि त्यात मुलीही असू द्या.