दर दारी श्रीगणेशा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत पर्सेंटाइल, पसंतीक्रम आणि कटऑफ यांची आकडेमोड सुरू होते. ज्या घरात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग किंवा अध्ययन अक्षमता असलेले मूल आहे, तिथे याच आठवड्यांत आणखी एक जाड फाइल कपाटातून बाहेर निघते. जुना दाखला चालेल की सिव्हिल हॉस्पिटलमधून नवा आणावा लागेल? लेखनिक महाविद्यालय देणार की आपणच शोधायचा? वर्ग कितव्या मजल्यावर भरणार, आणि लिफ्टवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी तर नाही ना? शाळेत दहा-बारा वर्षे झगडून ज्यांची उत्तरे मिळवली, तेच प्रश्न पालक नव्या खिडकीपुढे पहिल्यापासून मांडतात.

कायदा तुटपुंजा आहे, असे म्हणण्याची सोय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्या, वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळाली. शासनमान्य शिक्षणसंस्थांनी इमारत सुगम्य ठेवावी, ज्याच्या त्याच्या गरजेनुसार सोय करावी, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळावा, हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय दिसते? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशभरात ९२,८३१ दिव्यांग विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ती संख्या ७९,०३५ वर घसरली. त्याच वर्षी एकूण विद्यार्थीसंख्या मात्र वाढून सुमारे ४.१४ कोटी झाली. म्हणजे हजारात दोन दिव्यांग विद्यार्थीही नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील दिव्यांगांचे प्रमाण हजारी बावीस होते, तेही आठच प्रकार मोजून. त्यातील वृद्धांचा वाटा वगळला तरी ही तफावत मिटत नाही.

ही गळती नेमकी कुठे होते? शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या मधल्या उंबरठ्यावर बरेच काही निसटते. मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षी संपतो. समग्र शिक्षा योजनेची मदत बारावीपर्यंत. प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने लावून धरले तेही शाळांसाठी. दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळ जादा वेळ देते, लेखनिक देते. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला बसताना यातले काहीही आपसूक सोबत येत नाही. गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये मिळते, श्रेयांक ॲकॅडमिक बँकेत जमा होतात, दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्डही ऑनलाइन आहे. पण एखाद्या विद्यार्थिनीला तासाला वीस मिनिटे जादा लागतात, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका लागते, ही साधी माहिती तिच्याआधी महाविद्यालयात पोहोचत नाही.

प्रवेशाच्या नियमांतली विसंगती तर थक्क करणारी आहे. वाचा व भाषा दिव्यांगत्व असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला जायचे होते. राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व हवे, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तेव्हाच्या नियमांनुसार याच प्रकारात चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल तर उमेदवार अपात्र! कमी भरले तर आरक्षण नाही, पुरेसे भरले तर पात्रता नाही. उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे वैद्यकीय मंडळाकडून नव्याने तपासणी झाली, तो हे शिक्षण घेऊ शकतो असा अहवाल आला आणि प्रवेश मिळाला. टक्केवारीच्या आकड्यावर कुणाला नाकारता येणार नाही, त्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २०२१ मध्ये डिसग्राफिया (लेखन अक्षमता) असलेल्या विद्यार्थिनीचे प्रकरण गाजले होते. ‘नीट’च्या केंद्रावर तिला हक्काचा जादा तास न देता उत्तरपत्रिका इतरांबरोबरच जमा करून घेण्यात आली. फेरपरीक्षा घेण्यास न्यायालयाने नकार दिला, पण झालेला अन्याय कसा भरून काढणार हे परीक्षा यंत्रणेने ठरवावे, असे बजावले. दोघांच्याही बाबतीत कायदा बाजूने होता, आणि तरी दिल्ली गाठावी लागली. किती विद्यार्थ्यांना वकील परवडतो?

प्रवेश मिळाल्यानंतरची कथा अधिक संथ आणि म्हणून अधिक दुर्लक्षित. ‘नॅक’च्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही परिसराला गुण असतात, त्यामुळे प्रवेशद्वारापाशी उतार बांधला जातो आणि त्याचा फोटो अहवालाला जोडला जातो. प्रयोगशाळेतील टेबलाची उंची किंवा ग्रंथालयाच्या पायऱ्या त्या फोटोत येत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या अंध विद्यार्थ्याची तर दुहेरी पंचाईत. प्राध्यापकांच्या नोट्स म्हणजे बहुधा झेरॉक्सवरून काढलेले स्कॅन, नाहीतर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली. स्क्रीन रीडर लावला तर निरर्थक अक्षरे ऐकू येतात. प्रताधिकाराची भीती दाखवून पुस्तके सुगम्य स्वरूपात न देण्याची सबबही आता उरलेली नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी अशी प्रत तयार करण्यास मुभा दिली आहे, आणि २०१४ मध्ये याच हेतूच्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता.

मनावर घेतले तर काय घडते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र उभे केले. सुगम्य स्वरूपातील अभ्याससाहित्य आणि सहायक तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारे असे केंद्र एखाद्या महाविद्यालयात वीसहून अधिक वर्षे चालू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. प्रत्येक तालुक्याच्या गावी तेवढे मोठे केंद्र होणार नाही, हे मान्य. पण जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने साहित्य तयार करावे आणि बाकीच्यांनी ते वापरावे, इतके तर जमण्यासारखे आहे.

अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार सोळाव्या वर्षापासून विद्यार्थ्याच्या पुढील टप्प्याचे नियोजन करावे लागते, आणि शाळा सोडताना त्याची क्षमता व गरजा यांचा लेखी सारांश हाती द्यावा लागतो. ती व्यवस्थाही निर्दोष नाही. महाविद्यालयात गेल्यावर तिथल्या विद्यार्थ्यालाही सोयी स्वतःहून मागाव्या लागतात. मात्र मागताना त्याच्या हातात कागद असतो.

महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापण्याचा निर्णय घेतला, त्याचे कौतुकही झाले. त्या विभागाने आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाने मिळून तीन गोष्टी कराव्यात. बारावीच्या निकालाबरोबर, विद्यार्थ्याच्या संमतीने, मंडळाने मान्य केलेल्या सोयींचे पत्र द्यावे आणि ते प्रत्येक विद्यापीठाला बंधनकारक असावे. प्रत्येक महाविद्यालयाने दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी जबाबदार प्राध्यापकाचे नाव आणि फोन नंबर प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावा. आणि किती दिव्यांग विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षात पोहोचले, हे विद्यापीठांनी दरवर्षी जाहीर करावे. यातील कशासाठीही विधिमंडळात विधेयक आणावे लागणार नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे. पुढच्या प्रवेशफेरीची अधिसूचना निघण्यापूर्वी तो निघालाच पाहिजे.