कोच बदलून काय बदलणार?

18 नोव्हेंबर 2025 ची रात्र. ढाक्यात बांगलादेशनं अकराव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेल्या सगळ्या वेळात आपल्याला तो फेडता आला नाही. 1-0. बांगलादेशकडून आपण 22 वर्षांनी हरलो. शिट्टी वाजायच्या आतच आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले होते, 'खालिदला काढा', 'परत फॉरेनचा कोच आणा'. दुसऱ्या दिवशी सकाळी देवणीच्या स्टँडवर चहा पितानाही तोच विषय.

आमच्याकडं संध्याकाळी क्रिकेट आणि व्हॉलीबॉलच जास्त चालतं. फुटबॉल आम्ही शिकलो ते मोबाइलवर, मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी बघून. त्यामुळं गणित पाठ झालंय: संघ हरला की कोच काढायचा, गोल होत नसतील तर पैसे ओतून नवा स्ट्रायकर आणायचा. पण राष्ट्रीय संघाच्या कोचला खेळाडू विकत घेता येत नाही. क्लब जे खेळाडू घडवतील, त्यांच्यातूनच त्याला निवडावं लागतं. म्हणून खालिद जमील यांना वेळ द्यायचा का, हा प्रश्न विचारताना त्यांच्या हातात नेमकं काय दिलंय, हेही बघायला हवं.

आधी त्यांच्या विरोधातली बाजू मांडू, कारण ती खोटी नाही. 1 ऑगस्ट 2025 ला जमील यांची नेमणूक झाली. सावियो मदेइरा यांच्यानंतर तब्बल 13 वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीवर बसला. सुरुवात झकास झाली. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात 2-1 नं हरवलं आणि शेवटी ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा नंबर मिळवला. मग आशियाई चषकाची पात्रता फेरी आली. सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाच्या गोलमुळं कशीबशी 1-1 बरोबरी झाली. मडगावात घरच्या मैदानावर छांगटेनं गोल करून आघाडी दिली, तरी आपण 1-2 हरलो. 2027 चा आशियाई चषक तिथंच हातातून गेला. त्यावर ढाका. आघाडी का टिकत नाही, मागं पडल्यावर प्लॅन काय असतो, हे जमील यांना विचारायलाच पाहिजे. 'आपला माणूस' म्हणून सूट मिळू नये.

पण कोच बदलणं हे उत्तर आपण आधीच दोनदा वापरलंय. इगोर स्टिमाक पाच वर्षं होते. जून 2024 मध्ये करार शिल्लक असताना त्यांना काढलं आणि नंतर तडजोडीपोटी महासंघाला सुमारे 4 लाख डॉलर मोजावे लागले. त्यानंतर मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवा सांभाळत सांभाळत. आठ सामन्यांत एक विजय मिळाला आणि वर्षभरात तेही गेले. म्हणजे दीड वर्षाच्या आत तीन कोच. निकाल मात्र तेच. क्रमवारीत आपण नोव्हेंबर 2025 मध्ये 142 वर आलो.

आमची देवणी बैलांसाठी ओळखली जाते, म्हणून त्या भाषेत सांगतो. नवा गोऱ्हा औताला धरला की पहिल्या दिवशी तास सरळ पडत नाही. माझे आजोबा म्हणायचे, तास वाकडा गेला तर आधी जू बघा, मग जमीन बघा, मग बैल बघा आणि सगळ्यात शेवटी औत हाकणाऱ्याला बोला. आपण सुरुवातच शेवटच्यापासून करतो.

जमील यांची जमीन कशी आहे? देशाची मुख्य लीग, आयएसएल, जुलै 2025 पासून थांबलेली होती. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता. नव्या भागीदारासाठी टेंडर काढलं, तर 7 नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. खेळाडूंना नियमित सामनेच नसतील तर कोचनं फिटनेस आणायचा कुठून? ऑगस्टच्या शिबिराला सगळ्या क्लबांनी खेळाडू सोडलेही नव्हते. लीग चालू असते तेव्हाही क्लबांच्या आक्रमणात बहुतेक वेळा परदेशी स्ट्रायकर असतो आणि आपली पोरं बाकावर. म्हणून तर निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला वयाच्या चाळिशीत, मार्च 2025 मध्ये, परत बोलवावं लागलं. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. पण त्याची परवानगीची कागदं वेळेत आली नाहीत आणि ढाक्यात तो खेळू शकला नाही. हे काम कोचचं नव्हतं.

वेळ दिला तर जमील काय करतात, याचा पुरावा मुंबईतच आहे. 2009 ते 2016 त्यांनी मुंबई एफसी सांभाळला. बजेट छोटं, नावाजलेले खेळाडू कमी. तरी संघ आय-लीगमधून कधी खाली उतरला नाही. 2016 मध्ये क्लबनं त्यांना जाऊ दिलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर राहून बाहेर फेकला गेला. आणि त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. तोही पैशावर चालणारा क्लब नव्हता. सांगायचं एवढंच की हा माणूस कमी साधनांत संघ उभा करतो, पण त्यासाठी त्याला पोरं रोज समोर लागतात. राष्ट्रीय संघात ती वर्षातून थोडेच दिवस मिळतात.

तुम्ही म्हणाल, युनायटेडमध्ये फर्ग्युसनलाही पहिल्या चषकासाठी 1986 ते 1990 थांबावं लागलं होतं. बरोबर. पण संयम दाखवला म्हणजे प्रत्येक कोच फर्ग्युसन होत नाही. नुसता वेळ देऊन काही होत नाही. त्या वेळेत कोच काय करणार आणि महासंघ काय देणार, दोन्ही ठरलेलं पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. जमील यांना दोन वर्षांचा करार पूर्ण करू द्या. कोच बदलण्यात जाणारा पैसा तीन गोष्टींवर लावा: सामन्यांआधी लांब शिबिरं, आपल्यापेक्षा वरच्या संघांशी मैत्रीपूर्ण सामने, आणि भारतीय स्ट्रायकरला खेळवणाऱ्या क्लबांना प्रोत्साहन. लीगचं वेळापत्रक महासंघानं आधी जाहीर करावं. त्या बदल्यात जमील यांनीही वर्षाच्या शेवटी लोकांसमोर हिशोब द्यावा: कोणती नवी पोरं खेळवली, किती मिनिटं, आणि बचाव कुठं सुधारला. तेव्हाही उत्तर नसेल, तर जरूर बदला. मग 'वेळच दिला नाही' असं कुणी म्हणणार नाही.

आणि आपणही एक करू शकतो. पुढच्या वेळी ग्रुपवर 'काढा' लिहिण्याआधी एकच गोष्ट शोधायची, आपला स्ट्रायकर या महिन्यात क्लबसाठी किती मिनिटं खेळला? आकडा शून्य आला, तर राग कुणावर काढायचा ते आपोआप कळेल.